सदाशिवच्या घरी मुलगी झाली

ज्यांनी वऱ्हाड पाहिलेलं नाही त्यांनी डिसेंबरात यावं. कापूस फुटलेला असतो, तुरीला शेंगा लागलेल्या असतात, ऊन अंगाला चावत नाही आणि एसटीच्या खिडकीला काच नसली तरी चालून जातं. सोबत एक शाल, पाण्याची बाटली आणि आपल्या आईचा जन्मदाखला ठेवावा. पहिल्या दोन वस्तू विसरलात तर इथले लोक देतील. तिसरी विसरलात तर परत जाल की नाही, आणि गेलात तर कोणत्या देशात, हे मी सांगू शकत नाही.

मी अमरावतीची. एका संघटनेत पत्रकं लिहिते. 'जाहीर निषेध', 'चलो तहसील' वगैरे. पत्रकात प्रवास नसतो, मागण्या असतात, म्हणून हे वेगळं लिहितेय. सोबत दोघी होत्या. एक शमीमबी, वय बावन्नच्या आसपास. दुसरी तिची नात गुड्डी, वय आठ महिने, दात दीड.

बुधवार, अकोला

शमीमबीची एकुलती एक लेक रुखसाना. लग्न करून मोठ्या शहरात गेलेली, नवरा सलीम बेकरीत कामाला. त्यांच्या वस्तीत कागदांची तपासणी झाली. रुखसानानं आपला जन्मदाखला काढून दाखवला, अगदी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, घडी न मोडता. पोलिसानं नंबर टाकून पाहिला. दाखला रद्द.

झालं असं की रुखसाना घरी जन्मली, नोंद कोणी केली नाही, मग चार वर्षांपूर्वी रांगेत उभं राहून अकोल्यात उशिराचा दाखला काढला. असे उशिराचे दाखले आमच्या भागात ढिगानं निघाले आणि ढिगानंच रद्द झाले, कारण पुढाऱ्यांना त्या ढिगात बांगलादेश दिसला. रद्द केल्याची नोटीस रुखसानाच्या जुन्या पत्त्यावर गेली. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. दुकानदारानं ती इमानदारीनं सही करून घेतली आणि रिचार्जच्या कार्डांखाली ठेवून दिली.

तर रुखसाना 'संशयित परदेशी' म्हणून आत. गुड्डी अंगावर पिणारी, पण तिच्याकडे कागद पक्का होता, त्यामुळे तिला आत घेता येईना. ती दवाखान्यात जन्मली, तिच्या दाखल्यावर तो काळा चौकोनी ठिपक्यांचा कोड आहे. सलीमचे कागद अजून तपासायचे होते. त्या घरात सरकारमान्य भारतीय एवढी एकच, आणि तिला अजून उभं राहता येत नव्हतं. सलीमनं तिला अकोल्याला आजीकडे आणून सोडलं आणि परत जाऊन ठाण्याबाहेर उभा राहिला. त्याला सांगितलं होतं: रुखसानाच्या आईचा किंवा बापाचा इथं जन्म झाल्याचा जुना कागद मंगळवारपर्यंत आणा, नाहीतर फाइल पुढं जाईल. पुढं म्हणजे कुठं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. पूर्वेला सरहद्द आहे एवढं त्यालाही ठाऊक होतं.

रुखसानाचा बाप वारला. राहिली आई. शमीमबी शाळेत गेली नाही. रेशनकार्ड आहे, आधार आहे, मतदानाचं कार्ड आहे. पण कचेरीतले साहेब म्हणाले, हे सगळं राहण्याचा पुरावा, जन्माचा नाही. म्हणजे तिनं निवडून दिलेलं सरकार खरं, ती तेवढी संशयित.

दाखला अकोल्यातून निघालेला, म्हणून तिथल्याच कचेरीत सोमवारची सुनावणी मिळाली. तिथल्याच एका वयस्क शिपायानं बाहेर येऊन हळूच सांगितलं, "कोतवाल बुक पाहा. जुन्या कोतवालानं लिहिलं असलं तं ब्रह्मदेव आला तरी खोडू शकत नाई."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गावोगावचा कोतवाल जन्ममरणाचं एक बुक ठेवत असे. कोणाच्या घरी, कोणत्या तारखेला, मुलगा की मुलगी. बारसं व्हायच्या आत लिहून मोकळा, त्यामुळे बाळाचं नाव बहुधा नसतं. ही बुकं तहसिलीत जमा असतात. शमीमबीचा जन्म दर्यापूर तालुक्यातला. तिघी निघालो.

बुधवार, दर्यापूर

अकोल्याहून उत्तरेला निघालं की जमीन काळी होत जाते, इतकी की रस्त्यावरची धूळसुद्धा राखेसारखी वाटते. दोन्हीकडे कापसाची पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी. गुड्डीनं पहिला अर्धा तास बाटलीतल्या दुधावर बहिष्कार टाकला. मी बरेच बहिष्कार पाहिलेत, एवढा कडक नाही. ती तोंड घट्ट मिटे, बाटलीकडे पाही आणि शमीमबीच्या पदरात नाक खुपसून कोणाला तरी शोधे.

"आईले हुंगते," शमीमबी म्हणाली.

तहसिलीत पोहोचलो तेव्हा रेकॉर्डचे बाबू डबा खात होते. मी तिथंच उभी राहून सुरू केलं, "राज्यघटनेनं प्रत्येक व्यक्तीला..."

शमीमबीनं माझी ओढणी ओढली. "ताई, भाषन मंग. अगोदर त्याईले जेवू द्या."

बाबू जेवले, हात धुतले, मग विचारलं, "गाव कोणतं?"

"तेच तं माहीत नाई साहेब."

"जन्म नक्की नाही म्हणजे."

"जन्म नक्की हाये. गाव नक्की नाई."

शमीमबीचे वडील बाबू पिंजारी. दिवाळीनंतर कापूस घरात आला की खांद्यावर पिंजण टाकून निघायचे आणि होळीला परतायचे. ज्या गावात गाद्या-रजया पिंजायच्या तिथंच कोणाच्या तरी ओट्यावर, गोठ्यात मुक्काम. मागोमाग बायको, फातमाबी. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात ती पोटुशी होती आणि दिवस भरले ते वाटेतच.

"अम्मी सांगे," शमीमबी म्हणाली, "नदी उतरून गेल्यावर, जिथं विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाई, तिथं तू झाली. ज्या घरी झाली त्या घरवालीले लेकरू नोतं. तिनं तुले आठ दिवस खाली ठेवलं नाई."

रेकॉर्डच्या बाबूंनी चष्मा काढला. "बाई, हा खारपाणपट्टा आहे. अख्ख्या पट्ट्यात डाळ शिजत नाही."

वडिलांची फेरी मात्र तिला पाठ होती. पिंजणाची तार छेडत ते गावांची नावं ओळीनं म्हणायचे, तशीच तिनं म्हणून दाखवली. नदीपलीकडची दोनच निघाली. बाबूंनी ती कागदावर लिहून दिली आणि सांगितलं, "गाव ठरलं की अमरावतीला जा. आमची जुनी बुकं तिकडं स्कॅनिंगला गेलीत." एवढ्यात गुड्डीनं टेबलावरची सुनावणीच्या नोटिशीची झेरॉक्स ओढून कोपरा चावला. बाहेर यायला निघालेले दात फार शिवशिवत असावेत. तारखेपर्यंत मजकूर खाल्ला होता. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन चार प्रती काढल्या आणि तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या चार काढत गेले. एक गुड्डीची.

गुरुवार, पहिलं गाव आणि दुसरं

पहिल्या गावात काळीपिवळी जीपमधून उतरलो आणि पाच मिनिटांत गावाला कळलं की दोन संशयित बाया लेकरू घेऊन फिरून राहिल्या. एक तरुण मोबाईल समोर धरून आला.

"कुठून आल्या?"

"अमरावतीहून."

"तसं नाई. मुळात कुठून?"

मी त्याला मुळापासून सांगितलं. माणूस आफ्रिकेतून कसा निघाला तिथपासून. त्यानं ते सगळं शूट केलं. पोलीस पाटील आले, कागद मागितले. मी म्हटलं, तुमचे दाखवा. ते म्हणाले, माझे घरी आहेत. मी म्हटलं, हिचेही घरीच असते, घर कुठलं तेवढंच शोधतोय. पाटलांना हे पटलं नाही पण हसू आलं. त्यांनी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून विचारलं. पिंजारी यायचा, हो. बाळंतपण? नाही, इथं नाही.

परतीची जीप आमची वाट न पाहता गेली होती. दुसरं गाव, टाकळी खारी, चार किलोमीटर. चालत निघालो. गुड्डी आळीपाळीनं कडेवर. वाटेत एका मळ्यातल्या बाईनं न विचारता तुरीच्या उकडलेल्या शेंगा ओंजळीत घातल्या आणि मग विचारलं, "तुमीच काय त्या मोबाईलातल्या?"

म्हणजे फोटो आमच्या पुढं चालत होता. टाकळी खारीच्या ग्रुपवर तो कधीच पोहोचला होता, खाली 'सावध राहा' असं लिहून, तीन उद्गारचिन्हांसह. पत्रकं मी सहा वर्षं लिहितेय, एवढ्या वेगानं माझं एकही गावात पोहोचलं नाही.

मी दगडांची तयारी ठेवून गावात शिरले. वेशीजवळच्या विहारापाशी एक म्हातारी पायरीवर बसली होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात काठी, शेजारी नातसून मोबाईल घेऊन उभी. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. शमीमबीला काठीनं जवळ बोलावलं, हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं.

"मी म्हनलंच नातसुनेले. ही तं फातमाबीच दिसून राहिली." मग, "मेली ना वं फातमा?"

"बारा वर्सं झाले."

"तू शमी."

शमीमबीनं पदर डोळ्यांना लावला. म्हातारी तिला म्हणाली, "रडू नको. आठ दिवस रडली तेवढी पुरे हाये. रात्रभर डोळा लागू देत नोती."

ही गिरजाबाई वानखडे. नवरा सदाशिव जाऊन बरीच वर्षं झाली. ज्यानं 'सावध राहा' लिहिलं त्याला मी मनातल्या मनात धन्यवाद दिले. शासनाच्या सगळ्या यंत्रणेला जे जमलं नसतं ते त्या पोरानं द्वेषापोटी फुकट करून दिलं.

वानखड्यांच्या घरी पाहुणचार झाला. आमच्या अमरावतीच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी. इथं पाणी द्यायला लाजतात. विहिरीचं खारं, म्हणून पाहुण्यासाठी कॅनचं वेगळं ठेवलेलं असतं. गिरजाबाईंनी शमीमबीला मात्र मुद्दाम विहिरीचा गिलास दिला. "पी. तुह्या मायनं पेलं व्हतं. पाह्य, ओळख लागते काय." शमीमबीनं एक घोट घेतला आणि इतकं वाईट तोंड केलं की सगळं घर हसलं. जेवायला भाकर, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि वरून मिरचीचा ठेचा, ज्याच्या बाबतीत मी माझा जाहीर निषेध नोंदवते. गुड्डीसाठी गिरजाबाईंनी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून शेळीच्या दुधात कालवल्या आणि बोटानं चाटवल्या. दोन दिवस बाटलीशी भांडणारी ती पोर बोटाला चिकटली.

मग रजया निघाल्या. बाबू पिंजारी प्रत्येक रजईच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तीन पाकळ्या काढायचे, ती त्यांची खूण. बातमी गल्लीत गेली तशा बाया आपापल्या पेट्या उघडून रजया घेऊन आल्या. अंगणात ढीग पडला. शमीमबी एकेक कोपरा उलटून पाही, हे अब्बाचं, हे नाई, हे अब्बाचं. मी फोटो काढत होते. रजई पुरावा म्हणून चालत नाही हे मला माहीत होतं, पण तिला ते त्या वेळी सांगायची काही गरज नव्हती.

"आजी, जन्माची नोंद झाली होती का?" मी विचारलं.

"झाली नाई कशी! कोतवाल दारात आला, बुकात लिवलं, गेला. मी खाटेवर बसून सोता पाह्यलं."

मी उडीच मारली.

शुक्रवार, अमरावती

माझं गाव. इथं मी फुशारकीनं दोघींना फिरवणार होते, पण थेट रेकॉर्ड रूमला गेलो. तिथले बाबू तरुण, बोलके, कॉम्प्युटरवर पटापट. टाकळी खारी, त्या वर्षीचा हिवाळा. पानं सरकू लागली. शाईचे डाग, वाकडी अक्षरं, मध्येच एक चिरडलेला मच्छर, तोही इमानदारीनं स्कॅन केलेला.

पिंजारी कुठंच नाही. मुसलमान म्हणून एकही नोंद नाही. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना बाबूंचं बोट थांबलं.

"वानखडे म्हणालात ना? हे पाहा. वडिलांचं नाव सदाशिव तुकाराम वानखडे. जात बौद्ध. मुलगी. बाळाचं नाव नाही."

मी तिथूनच गिरजाबाईंच्या नातसुनेला फोन लावला. "आजींना विचारा, त्यांना मुलगी झाली होती का?"

फोनवर आधी गोंधळ, मग म्हातारीचा आवाज. "मले? मले दोन पोट्टे. पोरगी कुठून आनू?"

"मग बुकात तुमच्या नवऱ्याच्या नावानं मुलगी कशी?"

मग म्हातारी हसायला लागली. "बाप्पा! कोतवाल दारातून वरडला, सदाशिव, घरात काय झालं? हे म्हनले, पोरगी झाली. खोटं बोलले काय? घरात पोरगीच झाली व्हती! लगन होऊन सात वर्सं आमच्या घरात लेकरू रडलं नोतं. याईले कोनी पयल्यांदाच इच्यारलं, घरात काय झालं. फुगून गेले व्हते अगदी."

कोतवाल घरवार लिहायचा, कोणाच्या दारात उभा आहे ते पाहून. गोठ्यात कोण पाहुणा उतरलाय हे पाहायला तो आत गेला नाही. आणि सदाशिवला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

बाबूंनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, सोपं आहे. नोंद पक्की आहे. बाईंनी म्हणावं, मी सदाशिव वानखड्यांची मुलगी, लग्नानंतर नाव बदललं. नक्कल आजच देतो. पिंजाऱ्याची म्हणाल तर आयुष्य जाईल."

मी भडकले. म्हटलं, म्हणजे या देशात ती कोणाचीही मुलगी चालेल, फक्त स्वतःच्या बापाची नाही? बाबू शांतपणे म्हणाले, "मी मदत करून राहिलो मॅडम." आणि मला थंड करायला असेल, विचारलं, "तुमचं गाव कोणतं? पाहू, तुमचे वडील सापडतात काय." आमचं मूळ गाव वरूड तालुक्यातलं. आजोबांची संत्र्याची बाग तिथं होती. बाबूंनी त्या गावाचं बुक उघडलं, वडिलांच्या जन्माचं वर्ष, पुढचं, मागचं. नाही. काका आहेत, आत्या आहे, वडील नाहीत. शाळेच्या दाखल्यावर त्यांची तारीख एक जुलै आहे, जी त्यांच्या अख्ख्या वर्गाची आहे, कारण मास्तरांना तीच आवडायची.

"नाही सापडत," मी म्हणाले.

"असू द्या हो," बाबू म्हणाले. "तुम्हाला कोण विचारतंय!"

नक्कल घेतली. बाहेर येऊन आम्ही गिला वडा खायला बसलो. हा अमरावतीला येऊन खाल्ला नाही तर येणं वाया. दह्यात बुडालेला मऊ वडा, वर आंबटगोड चटणी. मी तो खाता खाता शमीमबीला तत्त्व समजावू लागले. खोट्या नावावर सुटका म्हणजे शरणागती आहे, आज एक झुकली की उद्या सगळ्यांना झुकवतील, आपण लढू, वरच्या कोर्टात जाऊ.

शमीमबीनं वड्याचा मऊ तुकडा गुड्डीच्या तोंडात घातला. "ताई, तुमचा बाप सापडला काय आत्ता?"

"नाही."

"तरी तुमी आज घरी झोपसान. माहा बाप सापडला नाई तं माही पोरगी कोठडीत झोपते. तिची छाती दुधानं दगड झाली असन. मले जो बाप सापडला तो चालन. वानखडे चालन, जोशी चालन."

त्यावर पत्रकं मला नंतर बरीच सुचली, ती खोडून टाकलीत.

तिनं माझा फोन घेतला आणि गिरजाबाईंना लावला. "माय, सोमवारी मी तुही पोरगी म्हनून सही करू काय?"

म्हातारी म्हणाली, "मी येतो. तिथंच सांगतो काय सांगायचं ते."

सोमवार, अकोला

शनिवार-रविवार सरकारला सुट्टी असते. रुखसानाला नव्हती.

गिरजाबाई दर्यापूरच्या पहिल्या गाडीनं आल्या, नातसुनेला घेऊन, काखेत एक रजई. मी म्हटलं, आजी, रजई चालत नाही. त्या म्हणाल्या, "थंडी हाये वं, मले पांघरायले आनली."

सुनावणीचे साहेब वाईट नव्हते. हे लिहिताना मला त्रास होतोय, कारण वाईट असते तर लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, नक्कल वाचली, शमीमबीकडे पाहिलं, पुन्हा नक्कल वाचली.

"आजी, या तुमच्या कोण?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. 'माही पोरगी' एवढे दोन शब्द आणि रुखसाना बाहेर. शमीमबीनं डोळे मिटून घेतले होते. मी, सत्याची पुजारीण, मनात म्हणत होते, बोल म्हातारे, खोटं बोल.

"ही बाबू पिंजाऱ्याची पोरगी," गिरजाबाई म्हणाल्या. "माय फातमाबी."

शमीमबीनं डोळे उघडलेच नाहीत.

"मग ही नोंद यांची नाही," साहेब म्हणाले.

"काहून नाई?"

"वडिलांचं नाव सदाशिव आहे."

"ते माहे मालक. दारात उभे व्हते म्हनून त्याईचं नाव लिवलं."

"तुम्हाला मुली किती?"

"पोरगी नाई. दोन पोट्टे. एक शेती करते, एक बँकेत हाये. लिवा."

"मग या नोंदीतली मुलगी कोण?"

गिरजाबाईंनी साहेबांकडे असं पाहिलं जसं पाढा चुकणाऱ्या पोराकडे पाहतात. "हे काय, बसली तुमच्या पुढं. माह्या घरात त्या सालात एकच लेकरू झालं. माहं नोतं तं कोनाचं व्हतं? नाळ म्या कापली. बाप तिचा पिंजून राहिला व्हता बाहेर, त्याले हाक मारून सांगतली, तं त्याच्या हातचा तार तुटला."

साहेबांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "आजी, तुम्ही मुलगी म्हटलं असतं तर माझं काम एका ओळीत झालं असतं."

"तुमचं झालं असतं. उद्या दुसरा साहेब येईन, मले इच्यारीन, तुमच्या पोरीचं नाव शमीम कसं? मंग ही बी खोटी आन मी बी खोटी. आन त्या पिंजाऱ्यानं सारा तालुका झोपवला गादीवर, त्याचं नाव काहून खोडता?"

इतका सरळ कायदा मी कोणत्याही वकिलाकडून ऐकला नव्हता. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही, हे चांगलंच झालं.

साहेबांनी जबाब लिहायला घेतला. छापील फॉर्मात अशा नात्याला रकानाच नव्हता. 'इतर' होता, त्यात दीड इंच जागा. त्यांनी पान जोडलं. गिरजाबाईंचा अंगठा, नातसुनेची सही, टाकळी खारीच्या पोलीस पाटलांचं फोनवरून बोलणं, तिथल्याच दोन म्हाताऱ्यांचे जबाब नंतर पाठवायच्या अटीवर. संध्याकाळी शहरातल्या ठाण्याला पत्र गेलं. त्यात होतं की सदर महिलेची आई येथे जन्मल्याचे प्रथमदर्शनी दिसते, सबब तूर्त पुढील कार्यवाही करू नये.

तूर्त. जन्म होऊन बावन्न वर्षं झाली, प्रथमदर्शन सोमवारी झालं.

गिरजाबाई परतीच्या गाडीत बसल्या. रजई त्यांनी शमीमबीच्या खांद्यावर टाकली होती, ती परत मागितली नाही. गुड्डीला मात्र दोनदा मागितलं.

त्यानंतरचा गुरुवार, अकोला

सलीम रुखसानाला घेऊन आला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची, शहर सोडायचं तर कळवून जायचं, अशा अटींवर सोडलं होतं. मी स्टेशनवरून त्यांच्यासोबत घरी गेले. सव्वीस वर्षांची पोरगी, गेटवर टीसीनं तिकीट मागितलं तर तिनं तिकिटाआधी सुटकेचा आदेश काढला. रिक्षावाल्यानं "कुठं जायचं?" विचारलं तरी तिचा हात पिशवीत गेला.

घरी शमीमबी दारात गुड्डीला घेऊन उभी. रुखसानानं हात पुढं केले. गुड्डीनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग आजीच्या मानेत तोंड लपवलं.

"गुड्डी, मैं हूँ," रुखसाना म्हणाली. "गुड्डी."

पोर आणखी आत शिरली. रुखसानाचं दूध तिथं चौथ्या दिवशी आटलं होतं, हे तिनं वाटेत मला सांगितलं होतं, खिडकीबाहेर पाहत, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. कशासाठी पुढं झालोय हे आता तिच्या हातांनाच कळत नव्हतं. ते तसेच पुढं राहिले. एकात तो आदेश होता, रिक्षापासून धरलेला.

गुड्डीनं एका डोळ्यानं मागे पाहिलं. तिला कागद दिसला.

ती आजीच्या खांद्यावरून झुकली. हात पोहोचेना. आणखी झुकली. मग सगळीच त्या बाजूला कलली, आणि रुखसानानं तिला झेललं. गुड्डीनं आदेशाचा कोपरा पकडून तोंडात घातला आणि शिक्क्याच्या दिशेनं निघाली.

मी ओरडले, "अगं, ती मूळ प्रत आहे!"

रुखसानानं पोरीला छातीशी दाबून धरलं होतं. कागद तिनं सोडवला नाही. माझ्याकडे न पाहताच विचारलं, "झेरॉक्स हाये ना, ताई?"

"आहेत. चार."

"मंग खाऊ द्या तिले."